घाटातलं वळण कुणी झाडायचं होतं?

शैला,

तू गेलीस त्याच आठवड्यात तुझी शोकसभा झाली. गारखेड्यात, मैदानाशेजारच्या हॉलमध्ये. फोटो कुठून तरी लग्नातला आणला होता, हिरव्या शालूतला, केसांत गजरा. बघून वाटलं, ही बाई कोण? मी ओळखत होते त्या शैलाच्या अंगावर बाराही महिने टीमचा विटका टी-शर्ट असायचा आणि नाकाची कातडी उन्हानं सोललेली असायची. पण हाराला तो फोटो बरा दिसत होता, म्हणून तोच ठेवला असणार.

मग स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, "शैलाताईंचं आयुष्य म्हणजे सायकल. आणि बघा, देवानं मरणही कसं दिलं! जे आवडलं तेच करता करता गेल्या. सायकल चालवता चालवता गेल्या. असं भाग्य किती जणांना मिळतं?"

लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले.

तू सायकल चालवत नव्हतीस. तुझी सायकल घाटाच्या कठड्याला टेकवून ठेवलेली सापडली, तिला साधा ओरखडा नाही. तू हातात खराटा घेऊन वळणावरची खडी झाडत होतीस. रविवारी तिथून पोरी उताराला सुसाट येणार होत्या, आणि डंपरमधून सांडलेली बारीक खडी वळणभर पसरली होती. तू संघटनेला सांगितलं होतंस. परत सांगितलं होतंस. दोन्ही वेळा "बघतो ताई, माणूस लावतो" असं उत्तर मिळालं होतं. माणूस लागला नाही. मग तू घरचा खराटा सायकलच्या दांडीला बांधलास आणि निघालीस.

मी उभी राहिले. माझा आवाज आधीच मोठा, तुला माहीत आहे. म्हणाले, "साहेब, ती सायकल चालवत नव्हती. तुमचा रस्ता झाडत होती."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचं दुःख समजतो. पण ही वेळ नाही."

"मग कोणती वेळ आहे? ती परत मरेल तेव्हाची?"

कुणीतरी माझी ओढणी ओढली. सूत्रसंचालन करणाऱ्या माणसानं घाईघाईनं माइक हातात घेतला आणि सांगितलं, सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी. सगळे उभे राहिले. मी तर उभीच होते. तुझ्याच श्रद्धांजलीची दोन मिनिटं त्यांनी माझं तोंड बंद करायला वापरली, शैला, आणि मी गप्प बसले, कारण ती तुझ्या नावाची होती.

आता मात्र गप्प बसणार नाही. तुझ्याशीसुद्धा भांडायचं आहे मला.

आपण कॉलेजात भेटलो तेव्हाचं आठवतं? कदम सरांनी टीम काढली होती. टीम म्हणजे काय, पाच-सहा मुलं, आपण दोघी आणि खऱ्या अर्थानं रेसची म्हणावी अशी एकच सायकल, जी ज्याची स्पर्धा असेल त्याला मिळायची. तू खुलताबादहून घाट उतरून यायचीस, मी गुलमंडीतून. पँटच्या पायाला रबर लावलेलं, डोक्याला रुमाल. माझे वडील कोर्टात कारकून. मुलगी सायकलवर जाते याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, पण मुलगी सायकलच्या शर्यतीत जाते हे शेजाऱ्यांना कसं सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. सर आमच्या घरी येऊन बसले. म्हणाले, "काका, ती एकटी कुठं जाणार आहे? टीम आहे तिच्याबरोबर." वडिलांना तो शब्द आवडला. त्यांना वाटलं, टीम म्हणजे काहीतरी सरकारी असणार.

टीमनं आपल्याला काय दिलं, ते आज स्पर्धेच्या पत्रकात छापतात तसलं काही नव्हतं. दोन मुलं कायम आपल्या उजव्या हाताला चालायची, म्हणजे ट्रकवाल्यांच्या बाजूला. कुणी काही ओरडून गेलं तर ती ऐकायची, आपल्यापर्यंत यायचं नाही. एका मुलाचं घर कॉलेजजवळ होतं, त्याची आई आपल्याला अंघोळीला गरम पाणी द्यायची आणि तुझ्या डब्यातल्या दशम्या मागून घ्यायची. पंक्चर झालं तर सगळे थांबायचे. आणि वारा. शरणापूरच्या पुढं समोरून वारा लागला की पुढचा माणूस तो छातीवर घेतो, मागच्याला निम्माही जोर लागत नाही. म्हणून पाळीपाळीनं पुढं जायचं. कमी ताकदीच्यानं थोडा वेळ, जास्त ताकदीच्यानं जास्त वेळ. एवढंच काय ते शास्त्र.

पहिल्याच दिवशी मला धाप लागली तेव्हा तू मागं वळून म्हणालीस, "मागं लाग माझ्या. वारं मी घेती."

मी लागले. आता वाटतं, तिथंच चूक झाली. तुला ती सवय लागली.

निवड स्पर्धा चौक्याच्या घाटात होती. राज्याच्या संघात जायचं तर त्यातून जायचं होतं. तू तशी माझ्यापेक्षा चढाला दमदार; त्या दिवशी तर तू पुढच्या तिघींत होतीस आणि बाकीच्या दोघींचे चेहरे बघूनच कळत होतं की त्या टिकणार नाहीत. माझी चेन निसटली. बसवेपर्यंत तुम्ही वळणाआड गेला होतात. मी मनातून सोडून दिलं होतं. आणि वळण घेतलं तर समोर तू. एक पाय जमिनीवर टेकवून उभी. पुढच्या दोघी लांब गेलेल्या.

"चल," म्हणालीस. "मागं लाग."

तू मला तुझ्या पाठीशी घेऊन तो सगळा घाट चढवलास, पठारावरचा सगळा वारा खाल्लास, त्या दोघींना गाठून दिलंस, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर तुझ्या पायांत काही उरलं नव्हतं. मी जिंकले. तू कितवी आलीस ते पाहायला कुणी थांबलं नव्हतं. मी संघात गेले, पुढं देशाच्या स्पर्धेत गेले, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. तुझं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

सरांनी तुझ्या पाठीवर थाप मारली होती. म्हणाले, "याला म्हणतात टीम." मला तेव्हाच ते वाक्य कानाखाली मारल्यासारखं लागलं होतं.

"कशाला थांबलीस?" मी विचारलं.

"शेवटाला तू जास्त जोरात पळतीस. टीमची एक तरी जायला पायजे होती का नाय?"

"मला विचारलंस?"

"आता घाटात तुला काय विचारत बसू?" आणि तू हसलीस. नेहमीसारखी, तोंडावर हात ठेवून.

हा वाद आपण पुढं कितीदा घातला! तुझ्या पोरांच्या बारशाला घातला, माझ्या आईच्या दिवसांना घातला. मी म्हणायचे, तू थांबली नसतीस तर तू गेली असतीस. तू म्हणायचीस, जाऊन मी काय केलं असतं? घरच्यांनी पाठवलं नसतंच. मी म्हणायचे, ते तेव्हा बघितलं असतं. तू म्हणायचीस, बरं, जाऊ दे, चहा घे. आणि मला चहा प्यावा लागायचा. शैला, माणसाला न विचारता त्याच्यासाठी एवढं करणं हीसुद्धा एक दांडगाई असते. मी आभार मानले की तुला संकोच, नाही मानले की मला लाज. तू मला कशातच नीट राहू दिलं नाहीस.

तरी तुझी टीम मी पाहिली आहे आणि त्याबद्दल मला खोटं बोलता येणार नाही. खुलताबादच्या शाळेत तुला खेळाच्या तासांची नोकरी मिळाली आणि तू पोरी गोळा केल्यास. तुझ्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची, भाजी वाहायची जुनी जीप होती, ती रविवारी पोरींच्या मागं चालू लागली. दाजींनी स्वतःच्या हातानं तिच्यामागं पाटी रंगवली, "पुढे मुली आहेत. हळू." त्या जीपमध्ये जादा चाक होतं, शेंगदाण्याचे लाडू होते, उकडलेली अंडी होती, पॅडचं खोकं होतं, आणि दोरी आणि चादरी होत्या. कारण परगावी स्पर्धेला गेलं की झोपायला शाळेचा हॉल मिळतो, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलांची टीम असते. तू गेल्या गेल्या दोरी बांधून आडोसा करायचीस. मोठ्या टीमच्या पोरी महागड्या सायकली घेऊन यायच्या आणि कपडे बदलायला तुझ्या आडोशाला यायच्या.

घरोघर जाऊन बापांशी बोलायचीस. सनाचे वडील जुन्या शहरात रिक्षा चालवतात, त्यांच्या घरी तू कितीदा गेलीस मला माहीत नाही. कागजीपुऱ्याच्या वंदनाच्या घरी म्हशींचं दूध काढायला बसलीस, भाऊ तयार होईपर्यंत. सना वाऱ्यासारखी. वंदना अंगानं जाड, चढाला लागली की तिचा श्वास रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायचा. शेवटून पहिली ती, हे ठरलेलंच.

बदली होऊन मी इथं परत आले आणि रविवारी यायला लागले, तेव्हापासून आपला दुसरा वाद सुरू झाला. शेवटचा झाला तो शरणापूर फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर. सगळ्या पोरी वंदनाची वाट बघत बसल्या होत्या. सना सायकलीभोवती येरझाऱ्या घालत होती.

मी म्हणाले, "या पोरीला वेगळी पळव. दर फाट्यावर थांबून तिचे पाय गार पडतात. तिला मोठ्या शहरात पाठव, चांगल्या कोचकडं. इथं राहिली तर संपली."

"जाईल की. मी कुठं अडवलंय? पण सना कुठं बी गेली तरी सायकल सोडणार नाय. वंदना एकदा घरी गेली की परत येणार नाय. तिच्यासाठी थांबणारं कुणीतरी पायजे."

"थांबणाऱ्यांची टीम कधी जिंकत नसते, शैला."

तू माझ्याकडं बघितलंस. शांतपणे म्हणालीस, "तू जिंकलीस की."

मी गाडीत बसून निघून आले. एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदा ती गोष्ट माझ्या अंगावर टाकली होतीस, आणि खरं सांगू, मला राग आला तसं बरंही वाटलं. वाटलं, चला, आहे म्हणजे हिच्याही मनात काहीतरी. आता हे भांडण नीट होईल.

मग तू फोन केलास. "रागावलीस व्हय?"

"नाही."

"मंग रविवारी लवकर ये. रेस हाय."

खडीबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडं गाडी होती, सुट्टी होती, दोन धड हात होते. गारखेड्याहून घाटात यायला मला कितीसा वेळ लागला असता? मी वळणाच्या वर गाडी आडवी उभी केली असती, दिवे लावले असते. तू झाडत बसली असतीस आणि मी तुला शिव्या देत उभी राहिले असते. एवढंच हवं होतं. एक माणूस वरच्या बाजूला उभं. तुझाच नियम होता हा, पोरींना पाठ करून घेतलेला, की मागं गाडी असल्याशिवाय घाटात पाय टाकायचा नाही. तो नियम तुला नव्हता? टीम सगळ्यांची होती आणि तू तिच्यात नव्हतीस?

मला ठाऊक आहे तू काय म्हणाली असतीस. "तुला कशाला तरास." हे तुझे शब्द मला आता डोक्यातून काढून फेकावेसे वाटतात.

दाजी म्हणाले, निघताना त्यांना विचारलं होतंस, येता का म्हणून. त्यांना गव्हाला पाणी द्यायचं होतं, लाइट सकाळचीच होती. "जा पुढं, मी पाणी लावून येतो," म्हणाले. ते आले तेव्हा वळणावर गर्दी होती. तेवढंच सांगतात आणि परत पहिल्यापासून सांगायला लागतात. दाजींवर मला रागावता येत नाही.

तुला धडकलेल्या पिकअपच्या ड्रायव्हरवर रागवायला मी दवाखान्यात गेले. बाकावर बसला होता, शर्टाला तुझं रक्त. त्यानंच तुला उचलून आणलं होतं. विशी-बाविशीचा असेल. हात जोडून म्हणाला, "मॅडम, वळलो की एकदम समोर. खडीवर गाडी घसरली. ब्रेक लागलाच नाही. मला वाटलं रोडवर काम करणारी बाई आहे."

रोडवर काम करणारी बाई. जणू ती असती तर ठीक होतं. मी त्याला तसं बोलले, आणि तो रडायला लागला, आणि मला त्याच्या शेजारी बसावं लागलं.

मग राग धरून राहावा असा एकच पत्ता उरला. संघटनेनं तुझ्यामुळं स्पर्धा पंधरवडाभर पुढं ढकलली आणि जाहीर केलं की आता ती तुझ्या नावानं होईल. शैलाताई स्मृती करंडक. रस्ता तोच, वेळ तीच. मी फोन करून विचारलं, "वळण झाडणार का?" समोरून उत्तर आलं, "ताई, तुम्ही काळजी करू नका. सगळी व्यवस्था होणार."

इकडं पोरी घरी बसल्या होत्या. वंदनाच्या भावानं तिची सायकल माळ्यावर टाकली. मी सनाच्या घरी गेले. बापाला समजवायचं कसं, ते तू मला कधी शिकवलं नाहीस. मी सरळ भांडायला लागले. पोरीचं आयुष्य वाया घालवताय, असं काहीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, नक्को अब. जिनके भरोसे पे भेजता था, उनोच नहीं रहे."

सनानं चहा आणून ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "अब्बा, तो आप चलो ना पीछे. रिक्षा तो है अपनी."

त्यांनी दाराबाहेरच्या रिक्षाकडं बघितलं. मी चहा पिऊन उठले.

स्पर्धेच्या दिवशी मिटमिट्याजवळ मांडव होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर करंडक, त्यावर तुझं नाव, आणि तो हिरव्या शालूतला फोटो. नाशिकची टीम आली होती, जालन्याची, परभणीची. आणि सना आली. तिच्या मागं रिक्षा. अब्बांनी रिक्षाच्या टपाला लाल कापड बांधलं होतं. थोड्या वेळानं दाजींची जीप आली, तिच्यातून आपल्या बाकीच्या पोरी उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी वंदना. भावाशी काय बोलली, सायकल माळ्यावरून कशी काढली, मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही.

पोरी रेषेवर उभ्या राहिल्या. पंचांनी झेंडा हातात घेतला. सनानं विचारलं, "सर, वळण झाडलं का?"

"झाडलं, झाडलं. सगळं झालंय."

"कुणी बघितलं?"

पंच अध्यक्षांकडं बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "बेटा, वेळ झालीय. पाहुणे आलेत."

"आम्ही बघून येतो," सना म्हणाली.

"रेषा सोडली तर बाद करीन," पंच म्हणाले.

सना खाली उतरली नाही, पुढंही गेली नाही. तशीच उभी. मी काही बोलणार तेवढ्यात नाशिकच्या कोचबाई, ज्या एरवी कुणाशी हसत नाहीत, त्यांनी आपल्या पोरींना मोठ्यानं सांगितलं, "उतरा गं. सायकली आडव्या टाका." त्यांनी टाकल्या. जालन्याच्यांनी टाकल्या. मागं मुलांची शर्यत सुटायची होती, ती मुलंही उतरली. रस्ताभर सायकली आडव्या पडल्या, आणि झेंडा हातात घेऊन पंच तसेच उभे.

सना आणि आपल्या दोन पोरी घाटाकडं गेल्या. मागं अब्बांची रिक्षा. लाउडस्पीकरवर देशभक्तीचं गाणं चाललं होतं, ते कुणीतरी बंद केलं.

सना आली, सायकल माझ्या हातात दिली, आणि टेबलापाशी गेली. पाठीच्या खिशातून मूठभर खडी काढली आणि पांढऱ्या कापडावर ठेवली, करंडकाच्या शेजारी. परत येऊन सायकलशी उभी राहिली.

त्यानंतर कशी माणसं मिळाली बघ! खराटे मिळाले, घमेली मिळाली, घाटाच्या वर आणि खाली वाहनं अडवायला पोलीस मिळाले. सगळं त्याच शहरात होतं, शैला. तेव्हाही होतं. एवढंच मला त्या अध्यक्षांच्या तोंडावर ओरडून सांगायचं होतं आणि मी सांगितलं. या वेळी कुणी शांतता पाळायला उभं राहिलं नाही.

मी वळणावर गेले. दाजी आधीच तिथं होते. हात मागं बांधून उभे होते आणि झाडणाऱ्यांना सांगत होते, "तिकडं राह्यलं. कडंला. नाय, अजून आत." तुझं जिथं झालं त्या जागेकडं त्यांनी बघितलं नाही. शेवटचा खडा निघेपर्यंत ते हलले नाहीत. झाडणाऱ्यांतला एक जण वैतागून म्हणाला, "झालं की काका आता." दाजी म्हणाले, "झालं असंल. परत एकदा मार."

शर्यत भर उन्हात सुटली. सना दुसरी आली, नाशिकच्या पोरीच्या मागं, चाकभर अंतरानं. रागानं रडत होती. मी तिला जवळ घेतलं नाही, तिला ते आवडत नाही. फक्त म्हणाले, चढाला थोडी लवकर निघायला हवी होतीस. तिनं डोळे पुसत मान हलवली. ती जाणार आहे पुण्याला, मी म्हणत होते तशा कोचकडं. दाजी आणि मी तिला पोहोचवायला जाणार आहोत. एकटी जाणार नाही. तुझं आणि माझं दोघींचं म्हणणं त्यात बसलं, पण तुझ्याशी याबद्दल बोलायची सोय राहिली नाही, आणि मी त्याबद्दल तुला माफ केलेलं नाही.

करंडक द्यायला दाजींना मांडवात बोलावलं. लाउडस्पीकरवर तीन-चारदा त्यांचं नाव घेतलं. ते जीपला टेकून उभे होते. मला म्हणाले, "त्यांना सांगा, मी हितंच बरा." मी जाऊन सांगितलं. अध्यक्षांनी स्वतः करंडक दिला, फोटो काढले, पाहुणे गाडीत बसले.

आणि दोन माणसं शेवटच्या रेषेवरचं कापड सोडायला लागली.

मी म्हणाले, "थांबा. एक मुलगी आहे अजून."

"नाही ताई, सगळे झाले. ठरलेली वेळ कधीच संपली."

"एक आहे."

तो एका बाजूची गाठ सोडतच होता. एक टोक सुटून खाली आलं. मी ते हातात धरलं. "बांधा," म्हणाले. त्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्ष गाडीच्या दारात उभे राहून फोनवर बोलत होते. "त्यांच्याकडं नका बघू. बांधा."

त्यानं बांधलं. थोडं तिरकं, पण बांधलं. आपल्या पोरी रस्त्याच्या दोन्ही कडांना येऊन उभ्या राहिल्या. नाशिकच्या कोचबाई जायला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. उन्हात रस्ता रिकामा होता. बराच वेळ रिकामाच होता. मग लांबून आधी ते लाल कापड दिसलं, आणि त्याच्या पुढं वंदना. माणूस चालेल एवढ्या हळू, आणि तिच्या मागं तेवढ्याच हळू रिक्षा.

कापडाखालून आली. पाय टेकवायला गेली आणि तोल गेला, दाजींनी सायकल धरली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. श्वास सापडायला वेळ लागला.

"लई उशीर झाला का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "आधी पाणी पी."

आणि मी टाळ्या वाजवायला लागले, शैला. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला फोनवरचं बोलणं थांबवावं लागेल एवढ्या मोठ्यानं. त्यानं थांबवलं, वळून बघितलं, तरी वाजवतच राहिले. टाळ्या वाजवताना इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.